वर्दीतल्या आबांचा फोटो: काय पुसायचं आणि काय तसंच ठेवायचं

जुन्या फोटोंच्या दुरुस्तीबद्दल मला विचारणारे चिपळूणजवळच्या एका गावातले आहेत. त्यांच्या आजीचे वडील, घरातले ‘आबा’, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते आणि इटलीपर्यंत जाऊन आले, एवढंच घरात माहीत आहे. फोटो तीनच उरलेत. एक स्टुडिओतला, फ्रेममध्ये, काचेला चिकटलेला, कपाळावर वर्षानुवर्षं लावलेल्या हळदकुंकवाचे डाग पडलेला. दुसरा खिशातल्या पाकिटात राहिलेला, दुमडून चेहऱ्यावरच चीर गेलेला. तिसरा पलटणीतला ग्रुप फोटो. जुलै 2021 च्या पुरात पेटीत पाणी शिरलं तेव्हा तो भिजला. मावसभावाने पाकिटातला फोटो मोबाइलच्या एका ॲपमधून ‘नवा’ आणि रंगीत करून आणला. घरात सगळे खूश झाले, पण आजी म्हणाली, “हे आमचे आबा नव्हेत.” आता प्रश्न असा की ॲप वापरायचं की नाही, घरच्या घरी काय करता येईल, रंग भरावेत का, आणि या फोटोंवरून आबा कुठे लढले ते कळेल का.

आजीचं आधी घेतो, कारण तिचं बरोबर आहे.

पाकिटातल्या फोटोत चेहरा साधारण 8 मिलिमीटर उंचीचा असतो. तो 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला तर चेहऱ्याच्या वाट्याला उभे 190 च्या आसपास पिक्सेल येतात, आणि त्यातून चीर जाते. मोबाइलने घाईत काढलेल्या फोटोत याहून कमी. एआयचं ॲप त्या धूसर ठिपक्यांमध्ये लपलेला चेहरा शोधून काढत नाही. त्याने शिकताना लाखो चेहरे पाहिलेले असतात. त्यावरून ‘अशा ठिपक्यांच्या जागी बहुधा असा डोळा असतो’ असा अंदाज बांधून ते डोळा नव्याने रंगवतं. पापण्या येतात, बुबुळात चमक येते, कातडी गुळगुळीत होते. माणूस देखणा दिसतो, पण दुसराच कोणीतरी. पणतवंडांनी आबांना पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांना फरक कळत नाही. लेकीला कळतो. बापाच्या डाव्या डोळ्याची पापणी किंचित पडलेली होती का, ओठ एका बाजूला वळायचे का, हे तिच्या मनात पक्कं असतं, आणि ॲप नेमकं तेच सरळ करून टाकतं.

सैनिकाच्या फोटोत याहून मोठा धोका चेहऱ्याच्या खाली असतो. दंडावरच्या फिती, टोपीवरचं चिन्ह, छातीवरच्या पदकांच्या रिबिनी, खांद्यावरची अक्षरं हे सगळं दोन-चार मिलिमीटरचं काम, आणि ॲपला त्याचा अर्थ ठाऊक नसतो. माझ्याकडे आलेल्या एका फोटोत मूळ प्रतीवर दंडावर दोन फिती होत्या, त्यांच्यावरून एक सुरकुती गेलेली. ॲपने त्या सुरकुतीचीच तिसरी फीत केली. दोन फिती म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. त्या घरात आता कोणी विचारलं तर ‘आमचे आजोबा हवालदार होते’ असं सांगतील, आणि पुढे कधी रेकॉर्ड शोधायला गेले तर चुकीच्या हुद्द्याने शोधतील. म्हणून माझा नियम सरळ आहे: फोटोवर नंतर जे साचलं ते काढायचं, फोटोने जे टिपलंच नाही ते आपण घालायचं नाही. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका नियमावर उभं आहे.

आता काचेला चिकटलेला फोटो. तो ओढू नका. कोपरा सुटतोय असं वाटलं तरी ओढू नका. त्या काळच्या प्रिंटवर प्रतिमा धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत तो मऊ होतो, काचेला टेकतो आणि तिथेच सुकतो. ओढला की प्रतिमा काचेवर राहते आणि हातात नुसता कागद येतो. वाफ देणं, फ्रीजमध्ये ठेवणं, कडेने ब्लेड घालणं हे उपाय सांगणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका. फोटो खरोखर सोडवायचाच असेल तर ते प्रशिक्षित संवर्धकाचं काम आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल. आपल्याला डिजिटल प्रत हवी आहे, आणि ती काचेतूनच चांगली मिळते.

फ्रेमच्या मागचे खिळे हळूच काढा, पाठीमागची फळी किंवा पुठ्ठा बाजूला करा आणि फोटो काचेसकट बाहेर घ्या. काचेची बाहेरची बाजूच फक्त पुसा, तीही फडक्यावर थोडं पाणी घेऊन. काचेवर फवारा मारू नका, कडेने आत जातो. घरात प्रिंटरबरोबर आलेला स्कॅनर असेल तर तो इथे बहुतेक उपयोगाचा नाही. त्यातल्या बऱ्याचशा स्कॅनरची नजर काचेला टेकलेल्या कागदापुरतीच तीक्ष्ण असते. मध्ये दोन मिलिमीटरची आणखी एक काच आली की सगळं पुसट येतं. शहरातल्या चांगल्या लॅबमधल्या जाड, जुन्या धाटणीच्या फ्लॅटबेड स्कॅनरला ही खोली झेपते. तो नसेल तर कॅमेरा किंवा बरा मोबाइल वापरा.

जागा म्हणून ओटी किंवा पडवी उत्तम. ऊन थेट नको, उजेड सगळीकडून सारखा हवा. फोटो सपाट ठेवा, मोबाइल त्याच्या बरोबर समांतर धरा, शक्य असेल तर स्टँडला लावा. फार जवळ जाऊ नका. थोडं लांब राहून दुप्पट झूमची लेन्स वापरलीत तर कडा वाकत नाहीत. फ्लॅश बंद, ब्युटी मोड बंद. काचेत तुमचंच प्रतिबिंब येईल, म्हणून एका काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून ते मोबाइलच्या पुढे धरा. फोटोच्या गडद भागांवर निळसर-चंदेरी झाक दिसत असेल तर ती प्रतिमेतली चांदी वर येऊन झालेली असते. ती पुसून जात नाही. दिव्यावर पोलरायझरची (एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश जाऊ देणारी) फिल्म लावून लेन्सवरचा पोलरायझर तिच्याशी काटकोनात फिरवला की ती झाक बरीच मावळते आणि खालचा काळा रंग परत दिसू लागतो. हे साहित्य स्वस्तात मिळतं आणि कोकणातल्या फोटोंना हटकून लागतं.

बाकीचे दोन फोटो मोकळे आहेत, ते फ्लॅटबेडवर स्कॅन करा. पाकिटातला 1200 डीपीआयला. ग्रुप फोटोही 1200 ला, कारण त्यात एकेक चेहरा 3 मिलिमीटरचा असतो आणि 600 ला त्याच्या वाट्याला 70 पिक्सेलच येतात. 1200 च्या वर गेलात तर कागदाचा पोत मोठा होतो, आबा नाही. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा, 48 बिटला (म्हणजे छटा बारकाईने येतात), आणि टिफ फाइल म्हणून ठेवा, ती तपशील गाळत नाही. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं ‘डस्ट रिमूव्हल’, ‘शार्पन’, ‘ऑटो कलर’ सगळं बंद. पाठीमागची बाजूही स्कॅन करा, कोरी दिसली तरी. स्टुडिओचा पुसट शिक्का, पेन्सिलने लिहिलेला नंबर हे डोळ्याला दिसत नाही आणि स्कॅनमध्ये गडद केलं की वर येतं. आपल्याकडच्या त्या पिढीत मोडीत लिहिणारे बरेच होते. मागे मोडीतल्या ओळी असतील तर वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. ही मूळ टिफ फाइल एकदा झाली की तिला हात लावायचा नाही, सगळं काम तिच्या प्रतीवर. आणि नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर केलेली मेहनत वाटेतच दाबली जाते.

रंगीत स्कॅन का, ते हळदकुंकवाच्या डागावर लगेच कळतं. रंगीत फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल असतात. गिम्प हे फोटो दुरुस्तीचं फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि ते एकेक करून वेगळे पाहा. निळ्या चॅनलमध्ये आबांच्या कपाळावर मोठा काळा ठिपका दिसेल, कारण कुंकू आणि हळद दोन्ही निळा प्रकाश शोषून घेतात. हिरव्यामध्ये हळद फिकट होईल, कुंकू काळंच राहील. लाल चॅनल उघडलात की दोन्ही जवळजवळ नाहीसे होतात आणि खाली कपाळाची खरी छटा, त्यावरच्या आठ्यांसकट, जशीच्या तशी असते. तिथे ब्रश फिरवायचीही गरज नाही. लाल चॅनल घ्यायचा आणि त्यालाच काळा-पांढरा फोटो म्हणून पुढे न्यायचा. दमटपणाने आलेले तांबूस-तपकिरी ठिपके आणि कागदाचं पिवळेपणही याच चॅनलमध्ये सगळ्यात कमी दिसतं. उलट, कोणी निळ्या शाईने फोटोवर नाव किंवा फुली मारली असेल तर ती लाल चॅनलमध्ये ठळक होते आणि निळ्यात विरते. तेवढ्या तुकड्यापुरता निळा चॅनल उसना घ्यायचा. एआयचं ॲप हा डाग ‘काढतं’ तेव्हा ते कपाळ स्वतः रंगवून देतं. या पद्धतीत आबांचं स्वतःचं कपाळ मिळतं.

तो कुंकवाचा डाग मूळ फोटोवरून मात्र काढू नका. ओला बोळा, स्पिरिट, पावाचा तुकडा, बटाट्याची फोड यातलं काहीही नको. बुरशीने जिथे जिलेटिन खाल्लं आहे तिथे ते पाण्यात विरघळण्याइतकं कच्चं झालेलं असतं. ओलं बोट लागलं तरी तिथली प्रतिमा निघून येते. सुकी बुरशी मऊ कोरड्या ब्रशने, घराबाहेर, नाकाला फडकं बांधून झटका, तेही थर पक्का असेल तरच. आणि खरं सांगायचं तर ते कुंकू लावणारे हातही त्या घरातलेच होते. स्वच्छ प्रत वेगळी करू, पण डागांसकटचा स्कॅनही जपा.

चिरेचं काम वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. चॅनल निवडल्यावर कर्व्ह (उजेड-अंधार कमीजास्त करायचं साधन) वापरून फिका पडलेला फोटो थोडा गडद करा. टोपीच्या सावलीतला तपशील आणि सदऱ्याच्या घड्या बुजणार नाहीत एवढाच. मग एक नवा रिकामा लेअर (फोटोवरचा पारदर्शक थर) घ्या आणि सगळी दुरुस्ती त्याच्यावर करा, म्हणजे चूक झाली तर पुसता येते आणि काय काय बदललं तेही दिसत राहतं. सुरुवात पार्श्वभूमीपासून करा, तिथे हात बसतो. मग वर्दी, शेवटी चेहरा. हील ब्रश (नमुन्याचा पोत घेऊन छटा आजूबाजूशी जुळवणारा) चिरेपेक्षा जेमतेम रुंद ठेवा आणि नमुना अगदी लगतच्या जागेचा घ्या. चीर गालावरून जाते तिथे गालाचाच पोत घ्यायचा, कपाळाचा नाही. उजेड वेगळा असतो. नाकाच्या कडेवर किंवा ओठाच्या रेषेवर हील ब्रश चिखल करतो. तिथे क्लोन ब्रश (नमुना आहे तसाच उचलून ठेवणारा) घेऊन, दोन्ही बाजूंनी येणारी रेषा पाहून, मधलं अंतर थोडं थोडं जोडत यायचं.

चीर डोळ्यातून गेली असेल तर थांबा. दुसरा डोळा उलटा करून तिथे बसवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि असं सर्रास करतातही. माणसाचे दोन डोळे सारखे नसतात, आणि त्यांच्यावरचा उजेडही सारखा नसतो. बुबुळाची कड जिथवर दिसते तिथवर जोडा, मधला भाग आजूबाजूच्या छटेने शांत करा आणि तिथेच सोडा. तुमच्याकडे स्टुडिओतला फोटो आहे, त्यात तोच डोळा शाबूत आहे. तो शेजारी उघडून पापणीची ठेवण पाहत काम करा. आवश्यकच असेल तर त्यातला तुकडा घेता येतो, पण तसं फाइलबरोबरच्या टिपणात लिहून ठेवा. दुरुस्त केलेली जागा फार गुळगुळीत दिसली तर आजूबाजूला आहे तेवढा दाणा (फोटोतली बारीक खरखर) तिच्यावर घाला. आजीला दाखवताना अर्धं काम झाल्यावर एकदा दाखवा. तिच्याइतका पक्का पारखी तुम्हाला मिळणार नाही.

पुरात भिजलेल्या ग्रुप फोटोबद्दल थोडंच सांगतो, कारण तो आता सुकलेला आहे आणि जे व्हायचं ते झालं आहे. कागदाला लाटा आल्या असतील तर स्कॅनरचं झाकण दाबून तो सपाट करू नका, तडे जातात. वरून कॅमेऱ्याने घ्या. मोठा असेल तर तुकड्यातुकड्याने, दर तुकडा शेजारच्यावर एक तृतीयांश तरी चढेल असा घ्या आणि हगिन या फुकट सॉफ्टवेअरने जोडा. वाशिष्ठीचं पाणी पुन्हा कधी घरात शिरलं तर एवढं लक्षात ठेवा: भिजलेले फोटो एकमेकांवर सुकू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात एकेक सुटा करून, तोंड वर करून, सावलीत पसरा. लगेच जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेला फोटो थांबतो, ओला थांबत नाही.

आता वर्दी. स्टुडिओतल्या फोटोत छातीवर रिबिनी दिसतात असं तुम्ही लिहिलंय. त्या कुठल्या बाजूला आहेत ते आधी पाहा. पदकं डाव्या छातीवर लावतात. फोटोत ती आबांच्या उजव्या बाजूला दिसत असतील आणि सदऱ्याची बटणंही उलटी असतील, तर निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढलेली आहे आणि अख्खा फोटो आरशासारखा फिरवायला हवा.

मग रिबिनींचे पट्टे मोजा. त्या काळी स्टुडिओत बऱ्याचदा ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म असायची. तिला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लाल रंग फोटोत जवळजवळ काळा येतो आणि निळा आपल्या अपेक्षेपेक्षा फिका येतो. स्टार म्हणजे त्या युद्धातलं ताऱ्याच्या आकाराचं पदक. 1939–45 स्टारची रिबीन म्हणजे गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे. ऑर्थो फिल्मवर ती करडा, काळा आणि जवळजवळ पांढरा अशी दिसते. इटली स्टारची रिबीन लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशी पाच पट्ट्यांची; फोटोत दोन्ही कडा काळ्या, मधे गडद करडा आणि त्याच्या दोन बाजूंना पांढरं. काचेवरून भिंग लावून, किंवा काचेतून घेतलेली प्रत मोठी करून पाहिलंत तर हे पट्टे मोजता येतात. रिबिनी लावण्याचा क्रमही ठरलेला असतो: छातीच्या मध्याकडून बाहेर आधी 1939–45 स्टार, मग आफ्रिका, बर्मा, इटली यांपैकी मिळालेले स्टार, मग डिफेन्स मेडल, मग वॉर मेडल, आणि मिळालं असेल तर शेवटी इंडिया सर्व्हिस मेडल. त्यामुळे एक ओळखू आली की शेजारची कोणती असू शकते ते आपोआप कमी होत जातं. इटली स्टार मे 1945 मध्ये जाहीर झालं, म्हणजे ती रिबीन दिसत असेल तर फोटो त्याआधीचा असूच शकत नाही.

यावरून रंगांच्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. ॲपला करड्या छटेवरून मूळ रंग काढता येत नाही, कारण ऑर्थो फिल्मवर लाल आणि काळा एकच होतात. चौथ्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह काळ्यावर लाल गरुड असं होतं. अशा फिल्मवर दंडावर नुसता एक काळा चौकोन उरतो. ॲप त्याला ठिगळ समजेल. म्हणून माझं मत रंग भरू नयेत असंच आहे. घरात फारच आग्रह असेल तर हाताने, लेअरवर, पट्टे ओळखून झाल्यावरच रिबिनी रंगवा, खाकी फिका ठेवा आणि प्रतीच्या खालच्या कडेवर ‘रंग नंतर भरलेले’ असं छापा. एक अपवाद: स्टुडिओतल्या फोटोवर गालांना, बटणांना पूर्वीच हाताने रंग दिलेला असेल तर तो मूळ फोटोचाच भाग आहे, त्याला धक्का लावू नका. अशा वेळी लाल चॅनलचा उपायही तेवढ्याच डागापुरता करा, अख्ख्या फोटोला नको.

आबा कुठे लढले याचा शोध फोटोपेक्षा पदकावरून लवकर लागतो. पदकं घरात असतील, देवघरात किंवा एखाद्या डब्यात, तर त्यांची कड भिंगाखाली फिरवा आणि स्टारची पाठ पाहा. ब्रिटिश सैनिकांना त्या युद्धाची पदकं नाव न घालता दिली गेली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरून दिलेली असे. तो नंबर हाती आला की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरकडे किंवा रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारताना तुमचा अर्ज हवेत राहत नाही. पदकांना ब्रासो लावू नका, कोरलेलं झिजतं.

पलटणीत मराठे होते म्हणून ‘मराठा पलटण’ म्हणायचे की खरोखर पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, हेही तपासा. कोकणातले लोक बाँबे सॅपर्समध्ये (सैन्याच्या अभियंता दलात) होते, 1941 मध्ये बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये होते, नौदलातही खूप होते, आणि घरात सगळ्यालाच ‘पलटण’ म्हणतात. टोपीवरचं चिन्ह म्हणूनच महत्त्वाचं. त्यात मुकुट असेल तर फोटो ब्रिटिश अमदानीतल्या वर्दीचा आहे. त्या जागी अशोकाचे सिंह असतील तर तो प्रजासत्ताकानंतरचा, म्हणजे आबा नंतरही नोकरीत राहिले होते. खांद्यावर एक तारा दिसला तर जमादार, दोन दिसले तर सुभेदार.

इटलीचं जर खरं निघालं, तर आबा अनोळखी लोकांबरोबर लढले नाहीत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिथेच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, 10 जुलै 1944 रोजी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर दाखवलेल्या शौर्यासाठी नामदेव जाधवांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनचे, जाधव पहिल्या. आबांची बटालियन कोणती हे कळलं की त्यांच्या दोन-तीन वर्षांचा रस्ता नकाशावर काढता येतो.

आबा परत आले, पण ग्रुप फोटोतले काही जण परतले नसतील. त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. हिंदू सैनिकांचं दहन होत असे, म्हणून त्यांची नावं इटलीतलं फोर्ली आणि सांग्रो, इरिट्रियातलं केरेन इथल्या दहनस्मारकांवर आहेत, आणि नोंदीत बऱ्याचदा वडिलांचं नाव व गावही असतं. शोधताना इंग्रजीत त्या काळचं स्पेलिंग घाला. पलटणीच्या नावात ‘मराठा’ हे एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं लिहीत. जिल्हेही तेव्हाचे घ्या. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीतच होता, रायगडचं नाव कुलाबा होतं, आणि सावंतवाडी, जंजिरा ही संस्थानं होती.

मूळ फोटोंची सोय आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी लावा. प्लास्टिकच्या चिकट पानांचे अल्बम नकोत, पेटीत डांबरगोळ्या नकोत, आणि खाली वर्तमानपत्र अंथरू नका. कसर लागते आणि कागद आम्ल सोडतो. प्रत्येक फोटो साध्या आम्लरहित कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, जमिनीपासून उंच ठेवा. पुड्या पावसाळ्यात दर महिन्याला बदला किंवा तापवून सुकवा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच ठेवा. भिंतीवर लावायची ती नवी छापलेली प्रत, पिगमेंट शाईने मॅट कागदावर. काच आणि फोटोच्या मधे पुठ्ठ्याचा माउंट, फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे म्हणजे हवा खेळते, आणि पश्चिमेचा पाऊस झोडपतो ती भिंत सोडून. हळदकुंकू त्या प्रतीच्या काचेवर लावता येईल.

ग्रुप फोटोचं एक काम मात्र सॉफ्टवेअरची वाट न बघता आताच करा. जसा आहे तसा तो मोठा छापून घ्या, वर ट्रेसिंग पेपर टाकून प्रत्येक डोक्यावर नंबर लिहा. फोटोवर काही लिहू नका. आजीसमोर तो ठेवा, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत राहा आणि ती एकेकाबद्दल काय सांगते ते सांगू द्या. नाव आठवलं नाही तरी ‘हा गुहागरकडचा, आमच्याकडे एकदा जेवायला आला होता’ एवढंही लिहून घ्या. गणपतीला मुंबईची मंडळी येतील तेव्हा नंबरांसकट त्याच्या प्रती द्या. खेड, दापोली, संगमेश्वरच्या घरांत याच फोटोची दुसरी प्रत असण्याची शक्यता खूप आहे, कारण असे फोटो स्टुडिओवाले एका बैठकीत काढून सगळ्यांना विकत. तुमच्या प्रतीत पाण्याने गेलेला चेहरा त्यांच्या प्रतीत शाबूत असेल, तर तो तिथून घेता येईल आणि कुठलाही अंदाज करावा लागणार नाही.